थोरल्या जावेचं बिऱ्हाड

कोकंद, मंगळवार

आदरणीय सलोमत आपा,

तुम्हाला आणि भाऊजींना सलाम. तुमचे गुडघे बरे असोत, भाऊजींचा खोकला थांबलेला असो आणि इमारतीची लिफ्ट चालू असो. इकडे सगळे ठीक; सासूबाईंची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे.

ताजी बातमी अशी, की थोरली जाऊ हुमोरा गुरुवारी पहाटे बिऱ्हाडासकट ताश्कंदला निघते आहे. ट्रकवाले तोख्तासिन अका आज स्वतः अंगणात येऊन दोर मोजून गेले, म्हणजे आता बदल नाही. (मी शेवटपर्यंत आशा सोडली नव्हती. घाटात बर्फ पडतो, बदल्या रद्द होतात.) थोरले दीर उद्या आगगाडीने पुढे येतील, हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट दोनदा चिकटवणार आहे.

दिरांची बदली झाली, यात कुणाचा दोष नाही. धाकट्या मुलाने आईच्या घरी राहायचं हा आपला रिवाज. मी धाकट्याशी लग्न केलं, म्हणून तंदूर, जर्दाळूचं झाड आणि सासूबाई माझ्या वाट्याला आल्या, हेही मान्य. पण आपा, त्यांच्यासाठी जागा बघा असं मी तुम्हाला म्हटलं ते आपलं म्हणायचं म्हणून. एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला जागा सापडली ती तुमच्याच मजल्यावर, तुमच्या समोरच्या दाराची. बारा वर्षांत मी तुमच्याकडे दोनदा आले. ती कांदा मागायला दिवसातून दोनदा येईल.

बांधाबांधीचं काय सांगू. माहेरच्या बत्तीस दुलया दोन खोल्यांत मावणार नाहीत, असं दिरांनी तिला तीनदा सांगितलं. पाहुणे आले तर, असं तिचं म्हणणं. दुलयांची चळत उतरवताना गल्लीतल्या बायका मोजायला जमल्या होत्या (माझ्या सत्तावीस, हे त्यांना लग्नापासून पाठ आहे). मग तिला तंदूरही न्यायचा होता. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आठव्या मजल्यावर तंदूर पेटवलास, तर पहिले पाहुणे आग विझवणारेच येतील." तंदूर राहिला. मी दहा मिनिटं सुखात होते. मग ती म्हणाली, काही हरकत नाही, नान सलोमत आपा आणि मी दोघी मिळून बाजारातून आणू. दोघी मिळून. भांड्यांबरोबर तो शब्दही मी बराच वेळ घासला, निघाला नाही.

काल सासूबाईंनी जाणाऱ्या दोघांना एका नानाचा एकेक घास चावायला लावला आणि उरलेला नान भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. आता ती दोघं परत येऊन तो संपवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हुमोरा चावताना रडली. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं.

तुमची सख्खी बहीण (एकच आहे),
मुकद्दस

ता. क. आईच्या निळ्या पियाल्यांत तिला चहा देऊ नका. कपाट उघडलंच नाही, तर खोटंही बोलावं लागणार नाही.

आणखी एक ता. क. (बुधवार, दीर निघण्याआधी). आज सकाळी सासूबाईंनी टांगलेला नान निरखला. जाणारे दोघे, चावे तीन. आधी त्यांना उंदराचा संशय आला, मग माझ्या ओढणीवर नानावरचे काळे तीळ दिसले. आता घर डोक्यावर घेतील असं मला वाटलं. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चावलीस ना? मग निघ. चावून घरीच बसलीस, तर तो जन्मभर लटकेल. दहा दिवस जा. तंदूर मी बघते."

तेव्हा माझं अंथरूण तुमच्याकडे घाला, समोरच्या दारी नको (दुलया तिकडे आहेत, ठाऊक आहे मला). ट्रकमध्ये मी मधे बसणार, खिडकी हुमोराने आधीच धरली आहे. गुरुवारी दुपारी पोचू. दार तिच्या बाजूला, म्हणून आधी तीच उतरेल. तुम्ही मात्र मी उतरेपर्यंत थांबा आणि आधी मला जवळ घ्या.