धम्मदीपचा चांगला फोटो

मी, जानराव डोमाजी तेलगोटे, वय ६८, धंदा फोटोग्राफी (आता बंद), राहणार अकोट फैल, अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून तीनदा मशीनवर निजावं लागतं, तेव्हा हे काम आणखी लांबवण्यात अर्थ नाही. कोणी दबाव आणून हे लिहून घेतलेलं नाही. उलट माझी मुलगी, लिहू नका म्हणून दोनदा रडली.

१. माझी पत्नी शालू २०२१ साली वारली. अपत्ये दोन. मुलगी दीक्षा अमरावतीला नर्स आहे. मुलगा धम्मदीप ११ जून २०१६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिवस्याला मित्राकडे जातो म्हणून घरातून निघाला. तो तिथे पोचला नाही. दोनदा पोलीस भरतीत नापास झाल्यापासून तो घरात फारसा बोलत नव्हता. मीही विचारलं नाही.

२. अकोट फैलमधलं घर व खालचा शालू फोटो स्टुडिओ ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती संपूर्णपणे दीक्षाला मिळावी. धम्मदीपच्या नावे हिस्सा ठेवलेला नाही. कारण लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील बापाने पोराला तोडलं. वकिलांनी समजावलं की त्याचा हिस्सा ठेवला तर उद्या घराचं काही करायचं झाल्यास दीक्षाला कोर्टात उभं राहून, भाऊ मेला असं धरा, म्हणून सांगावं लागेल. ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही. तो आलाच तर ती त्याला जेवू घालील, त्याला कागद लागत नाही. तो येईल असं मला आता वाटत नाही. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

३. माझी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स अमरावतीच्या शाकीबला परत द्यावी. तो कॅमेरे दुरुस्त करतो. २००९ साली मी ही लेन्स त्याच्याकडूनच जुनी घेतली. तिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एक पॉइंट दोनपर्यंत उघडतं. पूर्ण उघडलं की ज्या डोळ्यावर फोकस धरला तेवढा साफ येतो, कान मऊ होतात आणि मागची भिंत लोण्यासारखी विरघळते. देतानाच शाकीबने सांगितलं होतं, "जानरावभाऊ, पूरी खोलून मारू नका. चेहरा धुकट येते, केसाच्या कडेले जांभळी किनार पडते. थोडी बंद करा, मंग पाहा कशी साफ येते."

मी म्हणालो, "साफ कोणाले पायजे? लोकाईले मऊ पायजे."

त्या मऊपणावर माझा स्टुडिओ चालला. पार तेल्हाऱ्या-बार्शीटाकळीहून पोरी लग्न जुळवायचे फोटो काढायला येत. मुरमांचे खड्डे, डोळ्यांखालचं काळं, सगळं त्या काचेत पुसलं जाई. जांभळी किनार मी कॉम्प्युटरवर काढून टाकत असे.

धम्मदीपच्या खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत वण होता. लहानपणी सायकलवरून पडला होता. कॅमेरा दिसला की तो तोंड फिरवी. २०१६ च्या जानेवारीत मी त्याला कसंबसं खुर्चीवर बसवलं. वण दिसणार नाही, असा शब्द दिला. लेन्स पूर्ण उघडली, डाव्या डोळ्यावर फोकस धरला, हनुवटी फोकसच्या बाहेर गेली. तो कॉम्प्युटरवरच्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबा, हा मी हाय का?"

खूश होऊन म्हणाला, असं मी तेव्हा धरलं.

तो हरवल्यावर पोलिसांनी फोटो मागितला. त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स घरात होती, त्यावर वण स्पष्ट दिसत होता. शालू म्हणाली तोच द्या. मी म्हणालो, तो वाईट आहे. आणि मी काढलेला दिला. पोस्टरवर तोच छापला. तिवस्याच्या वाटेवर बडनेरा स्टेशन लागतं, तिथे ते ओळखीच्या माणसाकरवी लावून घेतलं. नोव्हेंबरात मी स्वतः गेलो तेव्हा स्टेशनबाहेरच्या चहावाल्या चतुराबाईला पोराचं वर्णन सांगू लागलो. वणाचं नाव काढताच तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"वणवाला पोरगा? तो तं आठ दिवस इथंच होता, दादा. या कागदाखालीच बसे. मीच चहा दे त्याले. मंग नागपूरच्या गाडीत बसला. पण कागदावरचा पोरगा वेगळाच हाय न. हा तं नट दिसते."

त्या कागदाकडे धम्मदीपनेही पाहिलं असेल का, हे कळायला मार्ग नाही.

नागपूरला जाऊन शोधलं, पत्ता लागला नाही. पुढे मी त्या फोटोची फाइल उघडून वण वर आणायचा प्रयत्न वर्षभर केला. रंग काढता येतो. काचेने जे घेतलंच नाही ते परत येत नाही. लेन्सचा यात दोष नाही. शाकीबने ती विकावी, मात्र मला सांगितलं तसं घेणाऱ्यालाही सांगावं.

४. स्टुडिओतली दोन लोखंडी बाकं चतुराबाईला पोचवावीत. त्या आठ दिवसांत माझ्या पोराकडे नीट पाहिलेलं ते एकच माणूस आहे.

५. माझा धाकटा भाऊ उत्तमराव याला काही देत नाही. शालूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याने धम्मदीपच्या फोटोलाही हार घातला. तो मी चारचौघांत तोडला आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तो चुकला होता असं आता माझ्याने म्हणवत नाही. भांडण मागे घेतो. माफी मात्र मागत नाही.

६. माझ्या पुण्यानुमोदनाला माझ्या आधार कार्डावरचाच फोटो ठेवावा. भिकार आहे, पण ओळखू येतो.

७. पोस्टरवर छापलेला मोबाईल नंबर मी नऊ वर्षं चालू ठेवला आहे. मशीनवर असतानाही फोन उशाशी असतो. त्यावर येतात ते विम्याचे आणि प्लॉटवाल्यांचे फोन, तेही मी पूर्ण ऐकून घेतो. परवा दीक्षाने विचारलं, "बाबा, हा नंबर माह्या नावावर करून घेऊ का?" तेव्हा मी हो म्हणालो. आज ते रद्द करतो. माझ्यामागे तो नंबर बंद होऊ द्यावा. घर तिचं, स्टुडिओ तिचा. वाट पाहणं मी तिला देत नाही.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. अंमलबजावणी दीक्षाने करावी.

स्थळ : अकोला
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

(सही) जानराव डोमाजी तेलगोटे

जानरावांनी वाचून, समजून आमच्यासमोर सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार :
१. (सही) अब्दुल सत्तार शेख करीम, टेलर, अकोट फैल, अकोला
२. (सही) नितेश भीमराव खंडारे, शिक्षक, अकोट फैल, अकोला