पट्टीचा तुकडा

सर, आज इथे लातुरात माझ्या विद्यार्थ्यांची जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तुम्ही दिलेला पट्टीचा तुकडा कपाटातून काढावा लागला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. नांदेडच्या तुमच्या प्रयोगशाळेत मी कांद्याच्या पेशीची लांबी अडीच हजार मायक्रोमीटर लिहून ऐटीत दाखवायला आणली होती. तुम्ही कांद्याचा पापुद्रा उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. "अडीच हजार म्हंजे अडीच मिलिमीटर. एवढी मोठी पेशी डोळ्यानं दिसंल की. दाखव मला." मी पापुद्रा उजेडाकडे धरला. "अकलेला काय बिलोलीलाच ठिवून आलीस?" सगळा वर्ग हसला. बिलोलीहून आलेली मी, आधीच बुजलेली. तुमचा असा संताप आला की पापुद्रा मुठीत चुरगळला. मग तुम्ही स्वतःची पारदर्शक पट्टी कडकन मोडलीत आणि मिलिमीटरच्या खुणांचा तुकडा माझ्यापुढे ठेवलात. "आधी मोज. हजारानं गुणायचं मागून."

आजचा प्रश्न सोपा होता. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या गोलाची रुंदी पट्टीने मोजायची आणि मायक्रोमीटरमध्ये लिहायची. सगळ्यांचं उत्तर अठराशे, देवणीकडच्या एका मुलीचं बाराशे. बाहेरून आलेले परीक्षक उखडले. "सगळा वर्ग येडा आणि तू एकटी शहाणी?" तोंडी परीक्षेत ती गप्पच राहिली होती, त्यामुळे हा प्रश्न गेला तर ती नापास आणि वर्ष पाण्यात. परीक्षकांनी लाल पेन उघडला. "न्हाई सर, म्या मोजलंय," ती कशीबशी म्हणाली. तेव्हा मी तुमचा तुकडा तिच्यापुढे ठेवला. "दाखव मला," मी म्हणाले, आणि आवाज हुबेहूब तुमचा निघाला.

तिचा चेहरा पडला. मीही उलटले असंच तिला वाटलं असणार. ती तुकडा भिंगाखाली सरकवते, तो निसटतो, ती पुन्हा लावते. परीक्षक डोळा लावतात. खुणा मोजतात, पुन्हा मोजतात. मग म्हणतात, "बाराशेच हाय की हो." मी वरचं भिंग काढून पाहिलं, तर ते पंधरा पट मोठं दाखवणारं होतं, बाकी सगळ्यांची दहा पट. भिंगं चोरीला जातात म्हणून आम्ही ती काढून कुलपात ठेवतो आणि परीक्षेच्या सकाळी घाईत हाताला येईल ते बसवतो. भिंग जितकं मोठं दाखवतं, तितकी कमी जागा त्यात मावते; तिच्या वाट्याला वेगळं भिंग आलं, म्हणून तिचा गोल लहान झाला. तिला पूर्ण गुण मिळाले.

संध्याकाळी ती फाटकाशी थांबली होती. "मॅडम, तुमचा भरोसा होता माझ्यावर, म्हणून हात तरी चालला. न्हाईतर मी रडलेच असते."

सर, माझा काडीचा भरोसा नव्हता. ती चुकली आहे हे मी धरूनच चालले होते. परीक्षकांसमोर तिची चूक तिच्याच हाताने दिसावी, मग माझ्यावर पक्षपाताचा आळ नको, एवढाच माझा हिशोब होता. हे तिला सांगायचं ठरवलं, पण सांगितलं नाही. शेवटी पर्समधून तुमचा तुकडा काढला आणि तिच्या हातात कोंबला.

वर्ग हसल्यावर तुम्ही पट्टी का मोडली होतीत, ते मला घरी येताना रिक्षात कळलं: तुम्हालाही 'चुकलो' म्हणता आलं नव्हतं.