चोवीस बियांत माझी एकही नाही

पहिला आला हरिश्चंद्र, सफरचंदांची पेटी खांद्यावर घेऊन. मागून धाकटा सुदेश, बूट न काढताच आत. दोघे माझ्या दिरांचे मुलगे, इथेच कुवेतात, महबूल्याला कंपनीच्या खोलीत राहतात, वर्षभरात फिरकले नव्हते. "काकी, जिना चढताना धाप लागते का?" हरिश्चंद्राने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे बाबा, तुझी निराशा केली." हसला नाही.

तर मी, मुक्ता दीनानाथ मुणगेकर, वय अडुसष्ट, शिक्षण दुसरीपर्यंत, राहणार मुलाकडे, खैतान, कुवेत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिते. कोणाचा धाक नाही. जोडाक्षरांना तेवढा वेळ लागतो.

ते दोघे गावच्या घर-जमिनीच्या वाटणीचा कागद घेऊन आले होते, माझा मुलगा शैलेश याची सही घ्यायला. कागद माझ्यासमोरच पसरला. सुदेश म्हणाला, "राहू दे, काकीला कुठे वाचता येतंय." पण नात प्राचीला यंदा अपूर्णांक आहेत, आणि अभ्यासाला मीही शेजारी बसते! भाजक वेगवेगळे असले की सगळ्यांना पुरेल असा एक आकडा आधी शोधायचा, हे मला या वयात समजलं. काय मजा आहे त्यात!

कागद शैलेशला वाचायला ठेवून ते गेले. त्यात दिरांना तिसरा हिस्सा, हरिश्चंद्राला चौथा, सुदेशला सहावा, शैलेशला आठवा, आणि रस्त्यासाठी आठवा. मी खजुराच्या चोवीस बिया ताटात घेतल्या आणि वाटल्या: आठ, सहा, चार, तीन, तीन. प्राची ओरडली, "आजी, वन होल! करेक्ट!" मी टाळ्या वाजवल्या. मग ताट पाहिलं. रिकामं. रस्त्याला तीन बिया आणि मला एकही नाही. माझी लेक कुसुम, नवऱ्याने टाकलेली, त्याच घरात राहते, तिलाही नाही. शैलेशला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस."

मी पडले आहे. म्हणून लिहिते की,

एक. सासऱ्यांचे मुलगे दोन, म्हणून आमच्या ह्यांचा हिस्सा अर्धा, बारा बिया. त्या मी, शैलेश आणि कुसुम अशा तिघांत चार-चार. माझ्या चारही कुसुमला देते. म्हणजे तिच्या आठ, अख्ख्याचा तिसरा हिस्सा. तिला घराबाहेर कोणी काढायचं नाही.

दोन. पाटल्या प्राचीला. सून प्रियांकाला मोहनमाळ. तिने माझ्या बडबडीला कधी जांभई दिली नाही. विमानातून आणलेली विळी शेजारच्या नूरबानूला. ती गेली तीन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून आहे.

तीन. दिरांना माझ्यातलं काही नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी विहिरीला कुलूप घातलं होतं. सफरचंदं हरिश्चंद्राला परत. मी एकही खाल्लेलं नाही, प्राचीलाही दिलेलं नाही.

चार. मला काही झालंच, तर घाईने पेटीत घालून गावी पाठवू नये. आधी इथल्या जाब्रियाच्या सरकारी डॉक्टरला दाखवावं आणि कशाने झालं ते कागदावर घ्यावं. कारण वाटणीच्या त्या कागदात तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "मयत मुक्ता दीनानाथ मुणगेकर". मी बोट ठेवून तीनदा वाचलं. पुढे "मृत्यूची तारीख", आणि तिथे जागा कोरी आहे.

साक्षीदार गफूरभाई, नूरबानूचे यजमान, म्हणाले, "भाभी, आजचा पेपर हातात घेऊन फोटो काढू, सोबत जोडू." काढला. नूरबानू म्हणाली, "अगो, हसतेस काय!" काय करू, माझी बेरीज चुकली नव्हती.

सही: मुक्ता दीनानाथ मुणगेकर
साक्षीदार: १) गफूर इब्राहिम वस्ता २) नूरबानू गफूर वस्ता, दोघे मूळ रत्नागिरीचे
खैतान, कुवेत. सोमवार, ११ फेब्रुवारी २००२

ता. क. हरिश्चंद्र आणि सुदेश येत्या शुक्रवारी, पंधरा तारखेला परत येतो म्हणालेत. राहिलेली जागा तेव्हा भरू म्हणाले.