कॅज्युअल्टीपुरती एक ओळ

सोमवार, ७ एप्रिल

इंगळे सिस्टरला घरी बसवलं. कॅज्युअल्टीतला माऊस तिने गॉजपट्टीने टेबलफॅनच्या मानेला बांधून ठेवला होता. पंखा फिरतो, माऊस सरकतो, स्क्रीन लॉक होत नाही. आय.टी.चे प्रमुख ढोबळे सर फेरीवर होते, त्यांनी फोटो काढला. नोटिशीत 'सुरक्षा नियमाचा हेतुपुरस्सर भंग'.

नियम म्हणजे दोन मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक. तो आकडा गेल्या आठवड्यात मीच नियमांच्या फाइलमध्ये भरला. सरांनी सांगितला, मी भरला, संपूर्ण दवाखान्याला एकच. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ८

सिस्टरचा तिच्या गावाहून, जामहून फोन. "ताई, हायवेवरचा ॲक्सिडेंट आलता. ग्लोव्हज रक्तानं भरलेले. डॉक्टर ओरडून राह्यले, जुना रिपोर्ट दाखवा, जुना रिपोर्ट दाखवा. अन् ते स्क्रीन मले पासवर्ड मागून राह्यलं. मंग बांधला पंख्याले. काय चुकलं माह्यं?"

पुढच्या बुधवारी चौकशी. त्यात नोकरी राहते की जाते ते ठरणार. मी म्हटलं, पाहते. काय पाहते, कपाळ!

बुधवार, ९

दिवसभर तीच फाइल. नियमांची मूळ यादी वरून आलेली, तिला हात लावायचा नाही. आपली वेगळी फाइल तिच्यावर चढवायची. टॅगमध्ये, म्हणजे कोनी कंसातल्या खुणांत, लिहायचं: हा नियम घेतला, तो सोडला, इथे आकडा बदलला, इथे एक ओळ जोडली. रेडिमेड ब्लाउज घरी आणून उसवतो, टीप मारतो, तसलंच काम.

वाटलं होतं, कॅज्युअल्टीपुरता आकडा बदलू, नियमच चुकला होता हे चौकशीत दिसेल, झालं. होत नाही. एका फाइलमध्ये एका नियमाला एकच आकडा. दोनचे दहा केले की रेकॉर्डच्या खिडकीवरही दहा, आणि तिथे बाहेरची माणसं काचेला नाक लावून उभी असतात.

म्हणजे या फाइलवर आणखी एक फाइल, फक्त कॅज्युअल्टीची. तिला सरांची मंजुरी हवी. झालं कल्याण.

शुक्रवार, ११

सरांकडे गेले. "काऊन डोकं लावून राह्यल्या तुमी? दोन फायली म्हणजे ऑडिटवाल्याले दोन नियम दिसतीन. मंगळवारी तो येऊन राह्यला, मले झंझट नाई पाह्यजे."

म्हटलं, सर, सिस्टरची नोकरी...

"पंख्याले माऊस मी बांधला का?"

जिन्यात थांबून रडले. राग स्वतःचाच आला, रडण्याचा.

शनिवार, १२

तरी दुसरी फाइल करायला घेतली. दुपारी फाइल एकदाची चालली, एकही चूक दाखवली नाही. आनंदाने चहा टाकला. मग तयार झालेली यादी उघडली तर लॉकचा नियमच गायब! नियमातलं एक वाक्य काढायचं होतं, मी अख्खा नियम काढून बसले. टॅग चुकला की यंत्र बोंब मारतं. नियम उडाला तर चूप. चहा उतू गेला.

संध्याकाळी जमली. कॅज्युअल्टीत लॉक दहा मिनिटांनी. जोडलेली ओळ: स्क्रीन भिंतीकडे वळवावी, जागेवरून उठणाऱ्याने हाताने लॉक करावं. बदलाचं कारण लिहायच्या जागी सिस्टरने सांगितलं ते सगळं, नाव न घेता. ग्लोव्हजसकट. मंजुरीसाठी सरांना पाठवली.

सोमवार, १४

सुट्टी, तरी सरांचा फोन. "ते कारण काढा. दवाखान्याची इज्जत जाते. नाईतर मी मंजुरी देत नसतो."

काढलं. परत टाकलं. पुन्हा काढलं. कारणाशिवाय ती नुसती सवलत दिसते, लाडाकोडाची. आणि कोणीही म्हणेल, हिने मैत्रिणीसाठी केली. खरं तर सिस्टर माझी मैत्रीणही नाही. वर्षभरात फार तर चार वेळा बोललो असू.

परत टाकलं. मंजुरीच्या जागी 'बाकी' लिहिलं. बाकीच्या फायलींबरोबर ऑडिटच्या फोल्डरमध्ये ठेवली.

मंगळवार, १५

ऑडिटर पुण्याचे, शांत गृहस्थ. विचारलं, "ही दुसरी फाइल कशासाठी आहे?"

सर म्हणाले, "कच्ची आहे. चुकून आली."

मी म्हटलं, चुकून नाही आली. आवाज फाटला माझा.

ऑडिटरांनी वाचली. कॅज्युअल्टी दाखवा म्हणाले. गेलो. नवी सिस्टर एका म्हाताऱ्याची बाही कापत होती आणि ऑडिटरांच्या डोळ्यांसमोर स्क्रीन काळी झाली. ती एका हाताने पासवर्ड टाकत बसली. दोनदा चुकला. ऑडिटरांनी वहीत काहीतरी टिपलं. मी देवाचं नाव घेत होते की आता तरी काही बोला. निघताना एवढंच, "अहवालात येईल." केव्हा, तर पुढच्या आठवड्यात. चौकशी उद्या!

जाताना सर हळू आवाजात म्हणाले, "उद्या तुमीही येजा चौकशीले. तुमालेही विचारायचं आहे."

घरी येऊन सिस्टरला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, उद्या ड्रेस घालून येऊ का साडीत?"

मला सुचेना. घरी बसवलेल्या बाईने ड्यूटीचा ड्रेस घातला तर वाईट दिसेल का? साडीत आली तर नोकरी गेलीच समजा, असं होईल का?

म्हटलं, ड्रेस घालूनच ये.

"बरं," म्हणाली. "मंग आताच धुते."