गांजाच्या दुकानाची पूर्वतयारी

३ मार्च, सोमवार
डॉक्टर म्हणाले, रोझेलाच्या खुब्याचं ऑपरेशन मे महिन्याआधी होणार नाही. तोवर झोपेसाठी गांजाची चघळायची गोळी घेऊन बघा, अगदी कमी ताकदीची; इथे दुकानात कायदेशीर मिळते. चार महिने झाले, बायको रात्रभर कण्हते आणि सकाळी मलाच सांगते की छान झोपले. मी जाहीर केलं, गोळ्या मी आणणार. स्टील मिलमध्ये एकतीस वर्षं फोरमन होतो, हे दुकान म्हणजे किस झाड की पत्ती! रोझेला म्हणाली, अरे लुडविक, मीच जाऊन येते ना. म्हटलं, तू? असल्या ठिकाणी? मी काय मेलोय?
उद्या सकाळी नऊ. ठरलं.

४ मार्च
आमच्या प्युब्लो गावात आज भयंकर वारा. शिवाय माहितीशिवाय जाणं हा गाढवपणा. वहीत चौदा प्रश्न काढले. रोझेलानं विचारलं, गोळ्या आणायला चाललायस की दुकान विकत घ्यायला?
दुर्लक्ष केलं.

५ मार्च
राखेचा बुधवार. आजपासून चाळीस दिवस उपवास, आवडतं काहीतरी सोडायचं. कपाळावर राख घेऊन थेट तिथे जाणं बरं दिसत नाही. खरं तर हे चाळीस दिवस थांबणंच योग्य, असं सुचवून पाहिलं. ती म्हणाली, बरं, मग यंदा चाळीस दिवस मी दुखणंच सोडते. चालेल?
फार लागट बोलते कधी कधी.

७ मार्च, सकाळी ११.४०
गेलो! म्हणजे समोर गाडी लावली. टोपी, काळा चष्मा. पंचवीस मिनिटं बारकाईनं पाहणी. माणसं आत जातात, बाहेर येतात. शेजारच्या दुकानातून केळी घेतली आणि परतलो. रिकाम्या हातानं आलो नाही, हे महत्त्वाचं.

१० मार्च
दुसरी पाहणी. तेवढ्यात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस कोचेवार दिसल्या. मी चपळाईनं स्टिअरिंगखाली वाकलो. पाठ तिथेच धरली. बाईंनी काचेवर टकटक केलं. म्हणाल्या, लुडविक, अँब्युलन्स बोलावू का? हातात त्याच दुकानाची पिशवी होती. आत पत्ता विचारायला गेल्या असणार. त्याच रस्त्यावर चाळीस वर्षं राहतात, पण वय झालं की होतं असं.
पुन्हा केळी.

१३ मार्च
आज रोझेला न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून. गेलं ऐकू. दाराबाहेर बराच वेळ उभा राहिलो.
बास. उद्या म्हणजे उद्या. बूट पॉलिश केले.

१४ मार्च, दुपार
न्याहारी आटोपून बाहेर आलो तर रोझेला गाडीत जाऊन बसलेली. म्हणाली, चल, माझ्यासमोर शीर आत.
शिरलो. ताठ मानेनं. पहिल्या खोलीत टेबलामागे एक मुलगी. म्हणाली, गाडीचं लायसन्स दाखवा, काका. मी हसलो. म्हटलं, बाई गं, बहात्तर वर्षांचा आहे, डोक्यावर एक केस नाही, माझं वय काय तपासतेस? ती म्हणाली, सगळ्यांचंच बघतो, नियम आहे. लायसन्स उलटसुलट केलं आणि हळूच म्हणाली, काका, हे नोव्हेंबरातच संपलंय. तुम्हाला आत नाही सोडता येणार.
रोझेलानं आपलं दाखवलं. आतलं दार तिच्यासाठी उघडलं आणि माझ्या नाकासमोर बंद झालं. मी चौदा प्रश्न मांडीवर घेऊन बाकावर. आतून तिच्या हसण्याचा आवाज. सात मिनिटांत आली. मग हात पुढे करून म्हणाली, किल्ली दे. आणि दुखऱ्या खुब्यानं तिनंच गाडी घरी आणली.
रस्ताभर माझी चूक कशी नाही, हे समजावून सांगितलं. तिनं रेडिओ लावला.

१५ मार्च, शनिवार
रोझेला साडेआठपर्यंत झोपली. श्वास चालू आहे ना, म्हणून मी दोनदा वाकून पाहिलं. उठली, कॉफी घेतली, खिडकीपाशी उभी राहिली. चेहरा किती दिवसांनी सैल दिसला! माझ्या तयारीपायी तिच्या अकरा रात्री वाया गेल्या. लाज वाटली, आणि तसं तिला सांगितलंही. तिनं माझ्या टकलावर हात फिरवला. म्हणाली, ते राहू दे, आधी लायसन्सचं बघ.
बघतो. तिथे डोळे तपासतात म्हणे. नीट तयारी करूनच गेलेलं बरं. सोमवारपासून लागतो.