बोडी सोडली

दिघोरी, २२ सप्टेंबर २०२५

चि. तेजरामास कौशल्याबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मले धड ऐकू येत नाही, म्हणून कागदच धरला. अक्षरं वाकडी दिसतील.

काल व्यापारी श्यामराव आपल्या बोडीच्या पाळीवर, पाण्याच्या अगदी काठाले, खुंट्या ठोकून गेला. म्हणे, तुमच्या भावानं बोडी मले दिली, दसरा झाला की मशीन लावून बुजवतो, गोदाम बांधतो. मी म्हटलं, आबांनी बोडी आम्हा दोघांच्या नावानं ठेवली, तो एकटा कसा देईल? तर हसला. म्हणे, बाई, तुम्हीच तर सोडली.

तेजराम, धान निसवून राहिला आहे, लोंब्या बाहेर पडून राहिल्या. अजून एक पाणी लागते. बोडी गेली तर माझ्या बांधीतल्या धानाचं नुसतं तणस होईल, दाणा भरणार नाही, मग मी कोणाच्या दारात बसू? तू असं काहून केलं?

लोभ आटला नसंल तर उत्तर पाठव.

तुझी बाई

पुणे, २८ सप्टेंबर २०२५

ती. बाईस धाकट्या तेजरामचा सा. न.

पत्र वाचून तुझं आधीचं पत्र पुन्हा काढलं. पोळ्याच्या पत्रात तूच लिहिलं होतंस, मी बोडी सोडली, आता निश्चिंत राहा. मला वाटलं, बाई थकली, तिनं आपला हिस्सा माझ्यासाठी सोडला. श्यामराव मागं लागलाच होता. मी इसार घेऊन बसलो. काल आपल्या भागातूनच आलेली सून हर्षा म्हणाली, बाबा, बोडी सोडली म्हणजे आत्याबाईनं पाणी सोडलं असंल हो. शहरात राहून मी आपली बोलीच विसरलो.

आता इसार परत देतो म्हटलं तर श्यामराव ऐकत नाही. तुझ्या सहीशिवाय सौदा होत नाही हे तो जाणतो, म्हणूनच त्याला आधी बुजवायची घाई. कशावरही सही करू नको. तिकीट बारा तारखेचं मिळालं. तोवर कोणीतरी तुझ्याजवळ हवं. आपल्या बोडीत मासे धरणाऱ्या धनीरामला फोन केला आहे.

रागव, पण दार लावू नको.

तुझा तेजराम

दिघोरी, ५ ऑक्टोबर २०२५

चि. तेजरामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हसले, मग रडले. अरे येड्या, पोळ्याले धान तहानला होता, म्हणून बोडीचं तोंड उघडलं. तुझ्या बांधीतही पाणी दिलं, म्हणून निश्चिंत राहा म्हटलं!

परवा मशीन आली रे. मी पाळीवर होते. पायातलं बळच गेलं म्हणून खाली बसले, अन् लोकांले वाटलं बाई हटत नाही. धनीराम अन् त्याची बायको जमुना हातचं जाळं टाकून माझ्या बाजूले येऊन बसले. जमुना म्हणे, बाई, अशा थरथर कापू नका, श्यामराव पाहून राहिला. मी म्हटलं, कापणं काय माझ्या हातात आहे? शेवटी मशीनवाला उतरला. म्हणे, या आजीच्या अंगावर मी मशीन नाही घालत. श्यामराव बडबडत गेला, पण खुंट्या उपटल्या नाही. तो परत येईल, या भेवानं मी पाळ सोडत नाही. जमुना भाकर इथंच आणते.

शेवटचं पाणी राखून ठेवलं आहे. लोभ आहेच, तू तिकीट हरवू नको. आला की बोडी दोघं मिळून सोडू.

पाणी सोडायचं म्हणून राहिली रे. नीट वाच.

तुझी बाई