घरात मोठं कोण

आई,

चुका असतील, माफ कर. शाळा सोडल्यापासून लिहायची सवय गेलीय, आणि एका बोटाने टाईप करायला वेळ लागतो.

बाबांवर आता इलाज उरला नाही, म्हणून घरी आणलंय. काल गावातले डॉक्टर मोरारू आणि हॉस्पिसच्या नर्स स्मारांदाताई एकत्रच आले. डॉक्टर म्हणाले, "ताप आला तर मला फोन करा, दुखलं तर ताईंना."

बाबा म्हणाले, "आणि भूक लागली तर?"

"तर इलिंका आहे की," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, घरात मोठं कोण असतं? कुणी नसेल तर बाबांना वॉर्डात न्यावं लागेल. माझी सतरा वर्षं चालत नाहीत. मी तुला न विचारताच सांगितलं, आई शनिवारी इटलीहून येतेय. ताईंनी तुझं नाव लिहून घेतलं.

बाबा ऐकत होते. आज सकाळी म्हणाले, "शुक्रवारी माझी दाढी करून दे."

हे पाठवणार नाही. पाठवलं तर तू म्हणशील, मी इथे ज्यांना सांभाळते, त्या म्हाताऱ्या बाईंना कोण बघणार?

बाकी, बस आता आपल्या फाटकासमोरच थांबते.

तुझी,
इलिंका